पावसाळी डोंगरवाटेवर दबावाखाली निर्णय कसा घ्यावा: नव्या ट्रेक लीडरसाठी

दुपारचे अडीच वाजले आहेत, एरवी घोट्यापर्यंत असणारा ओढा आज मांडीपर्यंत आला आहे, परत नेणारी गाडी पलीकडच्या गावात उभी आहे आणि मागे अठरा माणसे तुमच्या तोंडाकडे पाहत थांबली आहेत. सह्याद्रीत पावसाळी ट्रेक घेऊन जाणाऱ्या प्रत्येक लीडरवर अशी वेळ कधी ना कधी येते. त्या क्षणी काय करावे, हे सांगण्याचा हा प्रयत्न आहे. मात्र त्याचा बराचसा भाग त्या क्षणाच्या आधीच्या तीन दिवसांविषयी आहे आणि त्याला कारण आहे.

भीती, थंडी, भूक आणि लोकांच्या नजरा एकत्र आल्या की माणसाचे लक्ष आक्रसते. हृदयाचे ठोके वाढतात, डोळे समोरच्या एकाच गोष्टीला चिकटतात, बाजूला कोणी काही बोलले तरी ते कानापर्यंत पोहोचत नाही आणि एका वेळी मनात धरता येणाऱ्या बाबींची संख्या कमी होते. हा स्वभावाचा दोष नव्हे, शरीराची घडणच तशी आहे. अनुभवी लीडर अशा वेळी झटपट आणि बहुधा योग्य निर्णय घेताना दिसतात, ते पाहून नव्या मुलांना वाटते की निर्णयक्षमता म्हणजे हाच झपाटा. गॅरी क्लाइन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९८०च्या दशकात अग्निशमन दलातील अधिकाऱ्यांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांना आढळले की हे अधिकारी आगीसमोर उभे राहून पर्यायांची तुलना करतच नाहीत. पूर्वी पाहिलेल्या शेकडो आगींशी समोरची आग ताडून पाहतात आणि सुचलेला पहिला मार्ग मनातल्या मनात चालवून बघतात. म्हणजे त्यांची अंतःप्रेरणा ही साठवलेली ओळख असते. ज्याने आजवर पाच ओढे ओलांडले आहेत त्याच्याकडे तो साठा नाही. त्याने अंतःप्रेरणेवर विसंबू नये. कोरड्या जागी, पोटभर जेवून, शांतपणे घेतलेले निर्णय कागदावर सोबत न्यावेत आणि डोंगरावर ते पाळावेत.

पहिली पायरी: गुरुवारी रात्री तीन मर्यादा लिहून काढा

पहिली मर्यादा पावसाच्या इशाऱ्याची. भारतीय हवामान विभाग जिल्हावार पिवळा, नारिंगी आणि लाल इशारा देतो, आणि पुणे, सातारा, कोल्हापूर, नाशिक यांच्या घाट भागासाठी तो वेगळा दिलेला असतो. शहराचा अंदाज पाहून घाटमाथ्याचा ट्रेक ठरवणे ही नव्या लीडरची नेहमीची चूक आहे. विभागाच्या भाषेत २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढे मुसळधार, ११५.६ पासून अतिमुसळधार आणि २०४.४ मिलिमीटरच्या वर अत्यंत मुसळधार पाऊस मानला जातो. लाल इशारा असेल तर ट्रेक रद्द, आणि नारिंगी असेल तर ओढे ओलांडावे न लागणारी दुसरी वाट, असा नियम मी पाळतो. तुम्ही तो याहून कडक करू शकता. तो सैल करण्याचा विचार मनात आला, तर आपण तो कोणासाठी सैल करत आहोत हे स्वतःला विचारावे. बहुतेक वेळा उत्तर ‘पैसे भरलेल्या लोकांसाठी’ असेच येते. जिल्हाधिकाऱ्यांचा बंदी आदेश लागू आहे का, हेही याच रात्री पाहावे. आदेश असेल तर निर्णय तुमच्या हातात उरतच नाही.

दुसरी मर्यादा परतीच्या वेळेची, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची हीच. माथा गाठला असो वा नसो, घड्याळात अमुक वाजले की मागे फिरायचे, अशी एक वेळ आधी ठरवावी. ती काढण्यासाठी विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये सांगितलेला आडाखा आजही उपयोगी आहे: दर पाच किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. सहा किलोमीटर अंतर आणि ७०० मीटर चढ असेल तर या हिशेबाने सुमारे दोन तास बावीस मिनिटे लागतील. परंतु हा हिशेब सुक्या वाटेवरच्या सरावलेल्या माणसाचा आहे. चिखल, शेवाळलेला कातळ, वीस जणांची रांग आणि फोटोंसाठीचे थांबे धरले तर तो दीडपट ते दुप्पट करावा, म्हणजे साडेतीन ते पावणेपाच तास. जुलैत पुण्याच्या परिसरात सूर्य सव्वासातच्या सुमारास मावळतो, पण दाट रानात आणि धुक्यात त्याच्या तासभर आधीच अंधारून येते. म्हणून पायथ्याला पोहोचण्याची वेळ पाच धरावी, त्यातून उतरणीचे तास वजा करावेत, आणखी एक तास राखीव ठेवावा. उरेल ती तुमची परतीची वेळ.

ही वेळ आधी ठरवणे सोपे असते, पाळणे अवघड. मे १९९६ मध्ये एव्हरेस्टवर ठरलेली परतीची वेळ उलटल्यावरही अनेक जण चढत राहिले आणि १० व ११ मे या दोन दिवसांत वादळात आठ गिर्यारोहकांचा मृत्यू झाला. त्यांच्यात अत्यंत अनुभवी मार्गदर्शक होते. शिखर डोळ्यांसमोर असताना घड्याळाचे ऐकणे त्यांनाही जमले नाही, तर आपल्याला ते आपोआप जमेल असे समजू नये. म्हणूनच ही वेळ कागदावर लिहावी, मोबाइलवर तिचा गजर लावावा आणि आणखी दोघांना सांगून ठेवावी.

तिसरी मर्यादा पाण्याची. नवख्या गटासाठी गटातील सर्वांत बुटक्या व्यक्तीच्या गुडघ्याइतके वाहते पाणी ही शेवटची हद्द समजावी आणि पाण्याला जोर असेल तर तीही नाही. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा धक्का दुप्पट न होता चौपट होतो. कालचा निवांत ओढा आणि आजचा फेसाळलेला ओढा दिसायला एकाच खोलीचे असले तरी पायांना लागणारे बळ वेगळे असते, ते यामुळेच.

वाट निवडतानाही एक गोष्ट पाहावी. ताम्हिणीजवळच्या पिंपरीहून हिर्डीमार्गे भिऱ्याला उतरणाऱ्या अंधारबनासारख्या वाटा एका टोकाला सुरू होतात आणि दुसऱ्या टोकाला संपतात. गाडी पुढच्या गावात गेलेली असते, वाट बहुतांशी उतरणीची असते, आणि परत फिरणे म्हणजे पुन्हा चढणे असते. या वाटांवर परतीचा निर्णय प्रत्येक पावलागणिक महाग होत जातो. ज्या वाटेने जायचे त्याच वाटेने परत यायचे असेल, तर हा दबाव बराच कमी असतो. पहिली दोन-तीन वर्षे नव्या लीडरने पावसाळ्यात अशाच वाटा निवडाव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी पायरी: ट्रेक फसला असे समजून कारणे शोधा

शुक्रवारी सहलीडरसोबत पंधरा मिनिटे बसावे. रविवारची रात्र आहे, ट्रेक फसला आहे, गावकरी मदतीला डोंगर चढत आहेत, असे गृहीत धरावे आणि प्रत्येकाने हे कशामुळे झाले असेल याची तीन कारणे लिहावीत. ‘काय चुकू शकते?’ असे विचारले तर लोक सभ्यपणे ‘काही नाही, होईल सगळे’ म्हणतात. चुकले आहेच असे धरून कारण विचारले की मनातली खरी शंका बाहेर येते. एकदा आमच्या सहलीडरने या वेळी लिहिले, ‘दोघे पहिल्यांदाच येत आहेत आणि त्यांचे बूट गुळगुळीत आहेत.’ त्या एका ओळीमुळे आम्ही वाट बदलली. प्रत्येक कारणापुढे त्यावर आज काय करता येईल ते लिहावे. जादा हेडटॉर्च, कोरडे कपडे प्लास्टिकच्या पिशवीत, प्रथमोपचाराची पेटी एकाऐवजी दोन बॅगांत वाटून, बऱ्याचदा उपाय इतकाच असतो.

याच बैठकीत आपत्कालीन क्रमांक सर्वांच्या मोबाइलमध्ये साठवावेत: ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८, पायथ्याच्या गावातील दोघांचे, स्थानिक पोलीस ठाण्याचे आणि त्या भागातील बचाव पथकाचे. लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्र यांच्यासारखी पथके आणि महाराष्ट्रातील गिर्यारोहकांचे बचाव समन्वय केंद्र यांच्यामागे वर्षानुवर्षांची निःस्वार्थ मेहनत आहे. त्यांना उशिरा कळवण्यापेक्षा लवकर कळवणे त्यांच्याही सोयीचे असते.

तिसरी पायरी: गावात योग्य प्रश्न विचारा

पायथ्याच्या वाडीत चहा घेताना तिथल्या मामांना किंवा मावशींना वाटेविषयी विचारण्याची पद्धत सगळेच पाळतात, पण प्रश्न असा विचारतात की उत्तर आधीच ठरून जाते. ‘मामा, जाता येईल ना?’ असे म्हटले की पाहुण्याचे मन मोडू नये म्हणून मामा ‘जावा की, हळूहळू जावा’ म्हणतात. त्याऐवजी, ‘मामा, आज तुम्ही तुमच्या मुलाला या वाटेने पाठवाल का?’ असे विचारावे. ‘काल ढोरं कुठवर नेली होती?’, ‘वरच्या अंगाला रात्री पाऊस कसा होता?’, ‘ओढ्याला सकाळी पाणी किती होते?’ या प्रश्नांना नेमकी उत्तरे मिळतात. उत्तर देण्याआधी मामा क्षणभर थांबले, त्यांनी डोंगराकडे पाहिले आणि मग हो म्हटले, तर ते थांबणेही उत्तराचाच भाग समजावे.

त्यानंतर सर्वांना गोल उभे करून तीन मर्यादा मोठ्याने सांगाव्यात. ‘दुपारी साडेबारा वाजता आपण जिथे असू तिथून परत फिरणार आहोत. माथा दहा मिनिटांवर असला तरीही.’ हे वाक्य सकाळी सात वाजता ऐकताना कोणालाच त्रास होत नाही. साडेबारा वाजता मात्र तेच वाक्य नव्याने उच्चारले तर भांडण होते. सकाळी सांगितलेले असेल, तर दुपारी तुम्ही निर्णय लादत नसता, फक्त ठरलेल्याची आठवण करून देत असता.

आणखी एक नियम याच वेळी सांगावा: कोणीही, अगदी पहिल्यांदा आलेल्यानेही, ‘थांबा’ म्हटले तर सगळे थांबतील आणि त्याचे ऐकून घेतले जाईल. पुढे जाण्यासाठी सर्वांचा होकार लागेल, थांबण्यासाठी एकाचा नकार पुरेल.

चौथी पायरी: चालताना दर तासाला हिशेब करा

मोठी चूक क्वचितच एका झटक्यात होते. वीस मिनिटे उशीर, मग चुकलेल्या वळणावर दहा मिनिटे, मग कोणाचा तरी पायात गोळा, मग ‘एवढे आलोच आहोत तर’. प्रत्येक टप्पा मागच्यापेक्षा थोडाच वाईट असतो, म्हणून तो खपून जातो. यावर उपाय म्हणून दर तासाला दोन मिनिटे थांबून चार गोष्टी पाहाव्यात: माणसे मोजून पूर्ण आहेत का, ठरवलेल्या वेळेच्या आपण किती मागे आहोत, आभाळ आणि पाणी तासाभरापूर्वी कसे होते व आता कसे आहे, आणि सर्वांत मागचा माणूस कोणत्या अवस्थेत आहे. शेवटची बाब विशेष महत्त्वाची आहे, कारण गटाचा खरा वेग तोच ठरवतो आणि लीडर बहुधा पुढे असल्याने त्याला तो दिसतच नाही.

थंडी वाजण्याची लक्षणेही याच वेळी पाहावीत. भिजलेले कपडे आणि खिंडीतला वारा एकत्र आले की वीस अंशांच्या आसपासच्या तापमानातही शरीराची उष्णता धोकादायकरीत्या घटू शकते. थरथर, बोटांनी चेन न लागणे, वारंवार अडखळणे, बोलणे अस्पष्ट होणे, हा त्याचा क्रम आहे. हेच लीडरलाही होऊ शकते आणि तेव्हा सर्वांत आधी त्याची विचारशक्ती जाते. सहलीडरला हक्काने सांगून ठेवावे की, ‘मी विचित्र वागू लागलो तर सूत्रे तुझ्याकडे.’

पाचवी पायरी: प्रसंग समोर येतो तेव्हा

आधी धोका ताबडतोब पळायला लावणारा आहे का, ते ठरवावे. दरड कोसळते आहे, ओढ्याचा लोंढा येतो आहे, तर विचार करण्यासाठी थांबायचे नसते. आडव्या दिशेने आणि उंच जागी ताबडतोब जायचे असते. असे प्रसंग थोडे. वाट चुकणे, पाणी वाढणे, पाय मुरगळणे, उशीर होणे या बाकीच्या बहुतेक प्रसंगांत तुमच्याकडे दहा मिनिटे असतात आणि ती नाहीत असे फक्त वाटत असते.

ती दहा मिनिटे घ्यावीत. वैमानिकांना एक क्रम शिकवतात: आधी विमान ताब्यात ठेवा, मग दिशा ठरवा, मग संपर्क साधा. आपल्यासाठी त्याचे रूपांतर असे होते: आधी सर्वांना सुरक्षित जागी बसवा, मग माणसे मोजा, मग आपण कुठे आहोत ते पाहा आणि त्यानंतर फोन काढा. अडचण येताच आधी फोन काढून रेंज शोधत हिंडणारा लीडर गटापासून तुटतो. सर्वांना बसवल्यावर गूळ, चिक्की, खजूर काही ना काही खायला द्यावे आणि स्वतःही खावे. मग दोन पावले बाजूला जाऊन पाच-सहा श्वास असे घ्यावेत की सोडायला लागणारा वेळ घेण्याच्या वेळेच्या दुप्पट असेल. लांब उच्छ्वासाने हृदयाची गती खरोखर उतरते. ही सवय घरी केलेली असावी, डोंगरावर पहिल्यांदा करून पाहू नये.

आता स्वतःला तीन प्रश्न विचारावेत आणि उत्तरे सहलीडरला मोठ्याने सांगावीत. मी डोळ्यांनी काय पाहतो आहे? मी नुसते काय धरून चाललो आहे? आणि समोरच्या पर्यायांपैकी कोणता पर्याय नंतर मागे घेता येणार नाही? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा निर्णयच देऊन टाकते. थांबणे मागे घेता येते, परत फिरणे मागे घेता येते. ओढ्यात टाकलेले पाऊल आणि अनोळखी घळीत उडी मारून उतरलेला टप्पा मागे घेता येत नाही.

ओढ्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण पावसाळ्यात जिवावरचे निर्णय बहुधा तिथेच होतात. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या बाजूला असलेल्या धबधब्यात एका कुटुंबातील पाच जणांचा वाहून जाऊन मृत्यू झाला. ती माणसे साहस करायला गेलेली नव्हती. पाणी वाढले आणि बाहेर पडायला वेळ उरला नाही. सह्याद्रीतील ओढ्यांची पाणलोट क्षेत्रे लहान आणि उताराची असतात. त्यामुळे वर पठारावर पाऊस पडला की खाली ऊन असतानाही ओढा मिनिटांत वाढू शकतो. पाणी गढूळ होणे, पाला आणि काटक्या वाहत येणे, तळाचे दगड घरंगळण्याचा आवाज येणे, ही वाढत्या पाण्याची लक्षणे आहेत आणि यांपैकी एक दिसले तरी पाण्यातून बाहेर यावे.

ओढ्याशी पोहोचल्यावर काठाला, पाणी जिथे टेकते नेमके तिथे, एक ओळखता येईल असा दगड ठेवावा आणि दहा मिनिटे थांबावे. दगड बुडाला तर पाणी वाढते आहे, कोरडा पडला तर उतरते आहे. या साध्या उपायाने अंदाजाची जागा माहिती घेते आणि वाद घालणाऱ्यांनाही डोळ्यांसमोर पुरावा मिळतो. मग ओढ्याच्या कडेने खालच्या बाजूला चालत जाऊन पाहावे: पाय निसटला तर माणूस कुठे जाईल? खाली संथ डोह असेल तर एक गोष्ट. धबधबा, कडा किंवा अडकलेली झाडे असतील तर खोली कितीही कमी असली तरी ओलांडू नये. दोर कमरेला बांधून वाहत्या पाण्यात उतरू नये, कारण माणूस पडला की ताणलेला दोर त्याला पाण्याखाली दाबून धरतो. ओलांडायचेच ठरले, तर बॅगेचा कंबरपट्टा सोडून ठेवावा. आणि लक्षात ठेवावे की जो ओढा लवकर चढतो तो पाऊस थांबल्यावर बहुधा लवकर उतरतोही. दोन-तीन तास थांबणे हाही एक पूर्ण, सन्मान्य पर्याय आहे.

लीडर म्हणून माझा चौथा ट्रेक होता तेव्हा मी हे सारे ऐकून होतो, तरीही चुकलो. सतरा जणांचा गट होता. पहिले दोघे सहज पार झाले, म्हणून तिसरा गेला, मग चौथा. पाणी प्रत्येक माणसागणिक थोडे चढत होते. मागून एक मुलगी म्हणाली, ‘दादा, पाणी वाढतंय.’ मी ते शब्द ऐकले, पण त्यांचा अर्थ माझ्यापर्यंत पोहोचला नाही. नऊ जण पलीकडे गेल्यावर दहाव्याला पाठवणे अशक्य झाले आणि गट दोन्ही काठांवर वाटला गेला. डबे एका काठावर, औषधांची पेटी दुसऱ्या काठावर, आवाज पाण्यापुढे ऐकू येईना. पावणेतीन तासांनी पाणी उतरले, आम्ही एकत्र आलो आणि पाच टॉर्चच्या उजेडात रात्री नऊला गावात पोहोचलो. कोणाला इजा झाली नाही, परंतु त्यात माझ्या शहाणपणाचा वाटा नव्हता. मी प्रत्येक वेळी ‘हा एक जाऊ शकेल का?’ एवढेच पाहत होतो. ‘सगळे सतरा जण, शेवटच्यासकट, जाऊ शकतील का?’ हा प्रश्न पहिला माणूस पाण्यात उतरण्याआधी विचारायचा असतो. त्याचे उत्तर नाही असेल तर पहिल्यानेही जायचे नाही. तेव्हापासून मी हा नियम एकदाही मोडलेला नाही.

धुक्यात वाट चुकण्याचा प्रसंग वेगळ्या स्वभावाचा आहे. १४२४ मीटर उंचीच्या हरिश्चंद्रगडावर खिरेश्वरहून टोलार खिंडीच्या वाटेने गेले की वरच्या पठारावर एकसारख्या दिसणाऱ्या टेकड्यांची चढउतार लागते, आणि दाट धुक्यात तिथे माणसे हमखास भरकटतात. अशा जागी मनाची ओढ ‘थोडे पुढे जाऊन पाहू’ अशी असते. तसे करू नये. शेवटची खात्रीची खूण, मग तो दिशादर्शक बाण असो वा देऊळ, जिथे दिसली होती तिथे सगळ्यांनी मिळून परत जावे. आणि ती सापडत नसेल तर थांबून धुके विरळ होण्याची वाट पाहावी. वाट शोधायला एकट्याला पाठवणे म्हणजे एका चुकलेल्या गटाचे दोन चुकलेले गट करणे होय. पाण्याचा ओघ धरून खाली उतरण्याचा सल्ला मैदानी प्रदेशात चालत असेल. सह्याद्रीत तो ओघ सरळ कड्यावरून कोसळतो. शिट्टी सर्वांकडे असावी: मिनिटात सहा वेळा वाजवून एक मिनिट थांबणे हा मदतीचा आंतरराष्ट्रीय संकेत आहे आणि त्याला तीन शिट्ट्यांनी उत्तर दिले जाते.

विजेबाबत निर्णय मोजून घ्यावा. चमक आणि गडगडाट यांतील सेकंदांना तीनने भागले की अंतर साधारण किलोमीटरमध्ये मिळते. हे अंतर तीस सेकंदांपेक्षा, म्हणजे दहा किलोमीटरपेक्षा कमी झाले की माथा, बुरूज आणि एकाकी झाड सोडावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास पुन्हा वर जाऊ नये. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचे ‘दामिनी’ ॲप निघण्यापूर्वी पाहण्यास उपयोगी आहे.

सहावी पायरी: निर्णय सांगणे

निर्णय घेणे आणि तो सांगणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि नवे लीडर दुसऱ्या कामात अधिक ढासळतात. ‘मला वाटतं, आपण बहुतेक परत जायला हवं, तुम्हाला काय वाटतं?’ असे म्हटले की चर्चा सुरू होते आणि थंडीत कुडकुडणाऱ्या अठरा जणांची चर्चा सर्वांत मोठ्या आवाजाच्या बाजूने संपते. माहिती आधी सर्वांकडून घ्यावी, शंका ऐकाव्यात, आणि मग एका वाक्यात निर्णय, एका वाक्यात कारण, एका वाक्यात पुढची कृती सांगावी: ‘आपण परत फिरतो आहोत. दगड बुडाला आहे, पाणी वाढते आहे. पुढच्या पंधरा मिनिटांत सगळे मागच्या पठारावर पोहोचू आणि तिथे जेवू.’ माणसांना नकार पचवायला पुढचे काम आणि जेवण यांची मोठी मदत होते.

प्रत्युत्तरे ठरलेली असतात. ‘मागच्या वर्षी आम्ही गेलो होतो.’ ‘तो दुसरा ग्रुप चाललाय बघा.’ ‘शेवटची लोकल चुकेल.’ ‘ड्रायव्हर भिऱ्यात थांबलाय.’ यांतील शेवटची दोन खरी अडचण सांगतात, आणि तिचे उत्तर द्यायलाच हवे: गाडी वळवण्याचे जादा भाडे कोण देणार, रात्री मुक्काम कुठे करता येईल, घरी निरोप कसा जाईल. ही उत्तरे शुक्रवारीच तयार असावीत, कारण पैशाची आणि निरोपाची चिंता मिटली की विरोध अर्ध्यावर येतो. पहिल्या दोन वाक्यांना वाद घालून उत्तर देऊ नये. दुसऱ्या गटाकडे दोर आणि सराव असेल, किंवा त्यांचा लीडर चुकत असेल. यांतील काय खरे ते तुम्हाला माहीत नाही, आणि त्यांचे ओलांडणे तुमच्या ओढ्याची खोली बदलत नाही.

सातवी पायरी: रविवारी रात्री वही लिहा

पायथ्याला पोहोचताच माणसे पुन्हा मोजावीत, गावातल्या मामांना सगळे उतरल्याचे सांगावे, घरी ज्याला वेळापत्रक देऊन ठेवले होते त्याला फोन करावा. मग त्याच रात्री वहीत लिहावे: कोणता निर्णय, किती वाजता, तेव्हा काय माहीत होते, काय धरून चाललो होतो, कोणी काय सुचवले होते. दोन दिवसांनी लिहिले तर जे घडले ते आधीपासूनच ठाऊक होते असे वाटू लागते.

लिहिताना निर्णय आणि परिणाम यांची गल्लत होऊ देऊ नये. मर्यादा ओलांडून गेलो आणि काही झाले नाही, तर वहीत ती चूक म्हणूनच नोंदवावी. मर्यादा पाळून परत फिरलो आणि तासाभरात ऊन पडले, तर तो निर्णय बरोबर म्हणूनच लिहावा, कारण तो घेताना हाती असलेल्या माहितीवर तो बरोबर होता. वहीचे एक पान ‘ज्याचे ऐकले नाही’ यासाठी वेगळे ठेवावे. माझ्या वहीत त्या पानावर पहिली नोंद ‘दादा, पाणी वाढतंय’ ही आहे, आणि पुढच्या प्रत्येक ट्रेकच्या गुरुवारी मर्यादा लिहायला बसलो की ते पान मी आधी उघडतो.